आकड्यांत दिसलेले आबा

कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध आणि त्याच्या मागोमाग आत घुसणारी तापल्या पत्र्याची झळ, ही दोन्ही एकाच श्वासात आली की समजावं, जळगावात मे महिन्याची दुपार झाली. गल्ली अशी निपचित पडते की नळाखालच्या ओल्या खड्ड्यातलं कुत्रंही अनोळखी माणसावर भुंकायचा कंटाळा करतं. बारा ते चार कुणी कुणाच्या दारी जात नाही. एकांतासाठी आमच्या गावाला मध्यरात्रीची गरज काय? दुपार पुरते! मला ही वेळ फार प्रिय, कारण माझं कामही असंच आतल्या आत चालणारं आहे.

काम काय, ते सांगते. संगणकात पडद्यावरची चित्रं रंगवणारी एक चिप असते. आपण किती राबलो, कुठे अडलो, कुठे नुसते ताटकळलो, याची मोजदाद ती स्वतःच करते आणि ते आकडे स्मृतीतल्या एका गोल कप्प्यात टाकत राहते. या कप्प्याला बफर म्हणतात. तो भरला की पुन्हा पहिल्या जागेपासून सुरुवात, जुन्यावर नवं. गच्चीवरच्या टाकीसारखंच हे. वेळेत उपसलं नाही तर वाहून गेलं. ते आकडे उपसून मागणाऱ्याच्या ओंजळीत घालणारा दरवाजा संगणकाच्या अगदी गाभ्यात, चिप चालवणाऱ्या ड्रायव्हर या प्रोग्रॅममध्ये बांधायचा असतो, आणि तो मी बांधते. नवे आकडे आले की ते वाचणाऱ्याला कितीदा जागं करावं? मधले आकडे निसटले तर तसं त्याला कसं कळवावं? असल्या प्रश्नांत माझे महिने जातात आणि मला त्याचा कधी शीण वाटत नाही.

या खेपेला मात्र वेगळ्याच प्रश्नावर घोडं अडलं होतं. हा दरवाजा उघडायची मुभा कुणाला द्यावी? मी म्हणत होते, सगळ्यांना. आपला खेळ संथ का चालतो हे बघायला एखाद्याने दर वेळी व्यवस्थापकाची मनधरणी का करावी? एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला, की एकाच संगणकावर दोघे असतील तर एकाला दुसऱ्याच्याही कामाचे आकडे दिसतील. मला हसू आलं. आकडेच तर ते! ना नाव, ना गाव, ना चेहरा. त्यात बघण्यासारखं काय असणार?

खरं तर मी खान्देशात वाढलेली. मला हे कळायला हवं होतं. आमच्याकडे भिंतीवरचं विजेचं मीटर गरगर फिरताना दिसलं की शेजारीण ओळखते, पाहुणे आले, दुसरा कूलर लागला. गच्चीवर एकाच्या जागी चार खाटांवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळू लागल्या की न विचारता गल्ली समजते, या घरात लग्न निघालं. यंदा त्या खाटा आमच्याच गच्चीवर होत्या. धुळ्याच्या अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि आजोळच्या बिबड्या आमच्याकडून जायच्या होत्या. आबा, आमचे वडील, सगळी हयात धरणगावच्या जिनिंग कारखान्यात सरकी आणि रुई यांच्या धुळीत राबलेले, आता रोज पहाटे खोकत खोकत त्या बिबड्या उलटवत होते. खोकला जुनाच, त्याकडे आम्ही कुणी लक्ष देत नव्हतो.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. चाचणीचा मोठा संगणक बैठकीत होता. त्यावर आबांचंही वेगळं खातं होतं आणि जेवण झाल्यावर ते दार लोटून तिथे कापसाचे भाव बघत बसत. मी लॅपटॉपवरूनच त्या संगणकातल्या माझ्या साध्या खात्यात शिरले, नवा दरवाजा उघडला आणि आकडे वाचू लागले. भाव बघणाऱ्याच्या चिपला कष्ट ते कितीसे? पण इथे तर आकडे उसळत होते! उसळी, क्षणभर शांतता, पुन्हा उसळी. ही चाल मी ओळखत होते. ड्रायव्हरची कसोटी बघायला मीच ती महिनाभर चालवली होती. सीटी स्कॅनमधलं शरीर पडद्यावर घन करून फिरवलं की चिप नेमकी अशीच धापा टाकते.

आबा कुणाचं शरीर फिरवून बघत होते? नुसत्या आकड्यांवरून आणि त्या जुन्या खोकल्यावरून सगळं कळलं होतं आणि त्या कळण्यानेच मी भ्यायले होते. आजाराची भीती एक. आणि दार लावून बसलेल्या बापाकडे, त्याला पत्ता न लागू देता, मी भिंतीपलीकडून बघितलं ही दुसरी. यातली कुठली मोठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी आधी ती मुभा काढून टाकली. दुसऱ्याच्या कामाचे आकडे मागितले तर नकार मिळेल, असं लिहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं. मला नकार मिळाला. आता काही जाणून घ्यायचं तर विचारण्यावाचून मार्ग नव्हता. मी बैठकीचं दार वाजवलं. आमच्या घरात बैठकीचं दार आजवर कुणी वाजवलं नसेल.

आबांनी पडदा विझवलेला होता. मी काही लपवलं नाही. काय दिसलं आणि कसं दिसलं, सगळं सांगितलं.

"म्हंजे, मी आठे एकला बठेल व्हतू, तरी तुले तठे दिखनं?"

"हो आबा."

"आनखी कोनले दिखस?"

"आता कुणालाच नाही. मलासुद्धा नाही. तुम्ही दाखवलं तरच."

ते खुर्चीवर बाजूला सरकले आणि त्यांनी संगणकाचा पडदा पुन्हा सुरू केला. त्यांचं राखाडी फुफ्फुस सावकाश फिरू लागलं, आणि उजव्या बाजूला एक पांढरी गाठ. कुणाला न सांगता ते स्कॅन करून आले होते. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून लगेच तपासायला सांगितलं होतं. यांनी लग्नानंतरची तारीख मागितली होती!

"लगीनघरमा दुखनं काढानं नही, माय," ते मलाच समजावू लागले. "हळद लागू दे, पोर नांदाले जाऊ दे, मंग दखसूत."

ही आमच्याकडची रीत आहे. लग्न निघालं की घरातली दुखणी मुकी होतात. मला संताप आला आणि रडूही आलं. अक्काला फोन करते म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला. "मनं दुखनं शे ते. मीच सांगसू."

आणि त्यांनी खरंच फोन लावला. आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळे पलीकडच्या लग्नघरातली भांड्यांची आदळआपट मलाही ऐकू येत होती. त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. भांडी वाजायची थांबली.

"मी निंघस आते," अक्का म्हणाली.

"लगीनघर सोडीसन?"

"तुम्ही नहीत, ते कसानं लगीन, आबा?"

माझ्यासमोर, भर दुपारी, फोन कानाशी तसाच धरून आबा लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले.