वलणीला लागलेलं बोट

“म्हणजे घंटा आपोआप वाजली, आणि तळ्यातले मासे शेपटीवर उभे राहिले?”

पनवेलच्या कोर्टात समोरच्या वकिलानं असं विचारलं आणि सगळं कोर्ट हसलं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात.

“ते मी मठाच्या उत्सवात सांगतो, साहेब. इथं सांगत नाय.”

“मग तुमचं खरं कुठलं आणि थाप कुठली, आम्ही ओळखायचं कसं?”

पुन्हा हशा.

थापेच्या बाबतीत माझा हात धरणारा न्हावा-शेव्यापासून नेऱ्यापर्यंत कोणी नाही. बंदरावर ट्रेलर चालवायचो. एकदा ट्रेलर मागेच राहिला आणि मी नुसतं स्टीअरिंग धरून घाट चढलो, हेसुद्धा लोकांनी माना डोलावून ऐकलंय. म्हणून तर मठाचे ट्रस्टी तात्यासाहेब यांनी उत्सवात माझ्या हाती माईक दिला. माझ्या चमत्कारांच्या गोष्टींवर गर्दी जमायची. जेवायला मात्र आम्हा आगरी-कोळ्यांची पंगत वेगळी, बाहेर अंगणात. मी पोटभर जेवायचो.

पण एक गोष्ट मी खरोखर पाहिली. मठाच्या थोरल्या स्वामींची शेवटच्या दुखण्यात वाचा गेली होती. ते अंथरुणात उठून बसले आणि आपली छाटी, म्हणजे अंगावरचं भगवं वस्त्र, नारायणदादाच्या खांद्यावर ठेवली. नारायणदादा गव्हाणकडच्या कोळ्याचा मुलगा. स्वामींच्या पायाशी बसून पोथ्या शिकलेला. ज्याच्या खांद्यावर छाटी, त्याची गादी, ही त्या मठाची रीत. घंटा वाजली नाही. काहीच वाजलं नाही. वाजले ते तात्यासाहेब: “छाटी धुवायला दिली होती.” स्वामी गेल्यावर गादीवर त्यांनी आपला पुतण्या बसवला. नारायणदादानं दावा लावला. मठावर सरकारी प्रशासक आला.

धुवायला!

मठात सोवळ्याची वलण होती. स्वामींची वस्त्रं वाळत घालायची आडवी काठी. आम्हा आगरी-कोळ्यांनी तिला शिवायचं नाही. लहानपणी माझं बोट लागलं. तात्यासाहेबांनी मला अंगणभर झोडपलं. “हात तोडीन तुझा!” सगळी वस्त्रं पुन्हा पाण्यात गेली. माझी आई त्यांच्यापुढं हात जोडून उभी. चूक काय झाली तेही तिला धड कळलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मोठा झाल्यावर त्याचीही गंमत केली. “आमच्या बोटात काय करंट हाय! नुसतं लागलं तं अख्ख्या मठाची धोतरं परत भिजली!” लोक लोळायचे. सगळ्यांत मोठ्यानं तात्यासाहेब.

कोर्टात मग आमच्या, म्हणजे नारायणदादाच्या, वकीलबाईंनी नेमकं तेच विचारलं. “तुमच्यापैकी कोणाला स्वामींच्या वस्त्रांना हात लावू देत होते का?”

नाही म्हणायचं होतं. मार सांगायचा होता. आई सांगायची होती. पण नुकतंच सगळ्यांनी मला हसून घेतलेलं. तोंडातून तो करंटच निघाला. कोर्ट पुन्हा हसलं. आणि मी सुखावलो. हो, सुखावलो. उत्तर त्या हशात वाहून गेलं.

बाहेर नारायणदादा म्हणाला, “तुला मारलान तं बी तू हसवूनशी सांगतंस. मंग माजा खरा कोन मानल रं?”

आईवरून शिवी दिली असती तर सोसली असती.

दावा हरलो. अपील चालू आहे. दादा दिसला की मी रस्ता बदलतो.

पुढच्या उत्सवात प्रशासकांनी माईक दिला. “चमत्कार सांगा. गादीचं नको, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.” पहिल्या रांगेतून तात्यासाहेब ओरडले, “अरे, ती करंटवाली होऊ दे!”

मी सांगितली.

“करंट नव्हता. मार होता. या समोरच्या माणसानं मारलं, आणि माझी आई हात जोडून उभी होती. ज्या मठात आमचं बोट वलणीला चालत नव्हतं, तिथं कोळ्याच्या हातात छाटी धुवायला दिली?”

काही लोक सवयीनं हसले. पुढं गंमत येईल म्हणून थांबले. गंमत आली नाही. माईक बंद झाला.

आता मठात मला मज्जाव आहे. असू दे. दर उत्सवाला फाटकाबाहेर उभा राहून मी एवढंच सांगणार. मीठमिरची नाही. कोणी हसलं तर थांबेन. त्याचं हसून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत थांबेन. मग पुढचं वाक्य सांगेन.