पेशीबाई आणि कांद्याचा पापुद्रा

शाळेत त्यांना सगळे पेशीबाई म्हणत. नाव पोरांनी ठेवलेलं, पण बाईंना ते मनातून आवडायचं. फळ्यावर हात न उचलता त्या पेशी काढायच्या. हिरव्या खडूने बाहेरची भित्तिका, आत पिवळं पेशीद्रव्य आणि बरोब्बर मधोमध जांभळं केंद्रक, गोटीसारखं गोल. मग गोष्ट सांगायच्या, दरवर्षी तीच. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्याला ओळीने खोल्या दिसल्या. खोल्या रिकाम्या होत्या, कारण बूच मेलेलं. आतला संसार केव्हाच उठून गेलेला. "तो नुसता पुस्तकात बघत बसला असता, तर आज हा धडा तरी असता का?" असं त्या दरवर्षी विचारायच्या. सव्वीस वर्षं हे चाललं होतं.

प्रात्यक्षिकाची रीतही बाईंनीच बसवलेली. पोरं पन्नास, मायक्रोस्कोप तीन. म्हणून आकृती आधीच फळ्यावरून वहीत उतरवायची, मग रांगेने येऊन भिंगात डोकवायचं, "दिसलं, बाई" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. बाई सही ठोकायच्या. सगळ्यांना सगळं दिसायचं. न दिसून सांगतो कोणाला!

त्या वर्षी एक डावखुरी मुलगी कोरी वही घेऊनच रांगेत आली. भिंगाला डोळा लावून ती इतका वेळ बसली, की मागे ढकलाढकली सुरू झाली. मग तिने काढलं ते असं: विटा रचल्यासारख्या लांबट पेशी, आणि आत काही नाही. केंद्रकाचा पत्ता नाही.

बाईंनी वही अख्ख्या वर्गाला दाखवली. "बघा रे, हिची पेशी! घर आहे, पण मालक फरार!"

वर्ग खो खो हसला. मुलगी म्हणाली, "बाई, मला दिसलं तेच काढलंय."

"म्हणजे पुस्तक खोटं, फळा खोटा आणि मीही खोटी?" बाईंनी लाल पेनाने आकृतीवर फुली मारली आणि खाली शून्य लिहिलं. मुलगी मान खाली घालून जागेवर गेली. बाईंना काही वाटलं का? छे. मधल्या सुट्टीत डबा त्यांनी चवीने खाल्ला.

दुपारी प्रयोगशाळेतले मामा काचपट्ट्या धूत होते, त्यांना बाईंनी हा किस्सा रंगवून सांगितला. मामा हसले नाहीत. फडक्याला हात पुसत म्हणाले, "पोरगी बरोबर होती, बाई. आयोडीन दोन वर्षांपूर्वीच संपलंय. ते घातल्याशिवाय कांद्याच्या पापुद्र्यात केंद्रक उठून दिसत नाही."

"मग आयोडीनच्या बाटलीत काय आहे?"

"पाणी. रंगापुरतं चहाचं पाणी टाकतो."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. तुम्ही बघता ना भिंगात."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बघत नव्हत्या. शाळकरी वयात एकदा बघितलं होतं, तेव्हा स्वतःच्या पापण्यांचे केस तेवढे दिसले होते. तरी त्या "दिसलं, बाई" म्हणाल्या होत्या, आणि त्यानंतर भिंगाजवळ जायची त्यांना भीतीच वाटायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! आणि शून्य मात्र दुसऱ्याच्या लेकीला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटेत औषधाच्या दुकानातून आयोडीन घेतलं आणि शाळा भरण्याआधीच पापुद्रा सोलून त्यावर थेंब टाकला. मामांनी भिंग लावून दिलं. दिसलं! प्रत्येक खोलीत एक तपकिरी ठिपका. पण मधोमध नव्हता. मधली जागा पाण्याच्या भल्यामोठ्या पिशवीने अडवलेली, आणि बिचारं केंद्रक भिंतीला चिकटून अंग चोरून बसलेलं. सव्वीस वर्षं फळ्यावर तेही चुकीच्या जागी!

वर्ग भरल्यावर त्या उभ्या राहिल्या. "काल चूक माझी होती. हिने दिसलं तेच काढलं, ते बरोबर होतं. मी आजवर भिंगात बघितलंच नव्हतं. मला लाज वाटते."

कोणी हसलं नाही. बाईंनी मुलीला जवळ बोलावलं. ती वही घेऊनच आली. फुलीच्या पुढच्या पानावर तिने घरून नवी आकृती काढून आणली होती, फळ्यावरच्यासारखी, जांभळ्या केंद्रकाची.

"ती राहू दे," बाई म्हणाल्या. "आधी इथे बघ."

मुलीने भिंगाला डोळा लावला न लावला आणि उचलला. "दिसलं, बाई."

"केंद्रक कुठे आहे?"

मुलीने बाईंच्या हातातल्या लाल पेनाकडे बघितलं, मग फळ्याकडे. कालची आकृती अजून पुसलेली नव्हती.

"मधोमध, बाई," ती म्हणाली.