जर्मनच्या नावेचं शीड

भगवानदादा गेल्याचा फोन माहेरून, किन्हीराजाहून आला, तेव्हा मी सासरी मानोऱ्याला ओसरीत तूर पाखडत बसले होते. दादा माझा सख्खा चुलतभाऊ. सूप बाजूला ठेवलं, सुनेला म्हटलं, माझी पिशवी भर... डोळ्यांत पाणी आलं नाही. आता काही आठवडे उलटल्यावर येतं, पण त्याच्याबरोबर रागही येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत माणसाबद्दल बोललेलं मात्र कोणी पुसत नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. दादा सरकारी कचेरीत कारकून होता. नागपूरचा कोणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्याची शर्यतीची शिडाची नाव मागे राहिली, ती दादानं लिलावात उचलली. लाकडाची नव्हे, जर्मनची. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनचीच भांडी म्हणतात. लढाईतल्या विमानांच्या उरलेल्या पत्र्याची आहे, असं दादा छाती फुगवून सांगायचा. वाशीम स्टेशनावरून ती बैलगाडीवर गावात आली तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं, एवढ्या भांड्यात कोणाच्या लग्नाची कढी करून राह्यला?

शीड पार कुजलं होतं. मी तेव्हा गावात शिलाई करायची. बायांची पोलकी, पोरांचे सदरे, त्यावरच माझं आणि आईचं चालायचं. जुनं शीड उसवून त्याच्या मापानं मी मांजरपाटाचं नवं शिवलं, प्रत्येक जोड दुहेरी. बदल्यात दादानं मला नाव चालवायला शिकवलं. गावाबाहेरच्या तळ्यावर आम्ही जायचो. पहिल्या दिवशी वारा भरला, नाव कलली, आणि मी घाबरून शिडाचा दोर गच्च ओढला. बैल उधळला की कासरा ओढायचा, हेच हाताला ठाऊक. नावेत सगळं उलटं. दोर ओढला की ती जास्त वारा पिते, सोडला की शहाण्यासारखी उभी राहते. दोघंही पाण्यात पडलो, पोट धरून हसलो. महिनाभरात माझा हात असा बसला की दादा म्हणाला, "तायडे, नागपूरच्या शर्यतीत दोरावर तूच बसजो. दुसऱ्या कोनाच्या हाती मी दोर देनार नाही."

मी नवं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दादाचा साळा रामराव पाहुणा आला, आणि त्यालाही शर्यतीला जायचं होतं. दादाचं लग्न नवं होतं. साळ्याला नाही म्हणायची आमच्याकडे कोणाची टाप? तरण्या पोरीनं चारचौघांत नावेत बसणं बरं दिसत नाही, असं मग दादालाच अचानक आठवलं. मी गावातच राहिले. तिकडे वारा भरला आणि रामरावानं, जन्मभर बैल हाकलेल्या गड्यानं, तेच केलं जे मी पहिल्या दिवशी केलं होतं. सगळ्यांदेखत नाव उलटली.

हे मला कळलं ते दादा गेल्यावर. तेव्हा दादा परत आला आणि त्यानं पारावर सांगितलं, तायडीनं शीड वाकडं शिवलं होतं, म्हणून बुडालो. साळ्याची लाज राखायची होती ना! घरची बहीण काय, सोसून घेते. मी शीड मागितलं, लोकांना जोड दाखवते म्हटलं, तर ते नागपूरच्या तळ्यातच बुडालं म्हणाला. दिवाळी आली आणि एकही बाई खण घेऊन आमच्या दारी आली नाही. जिचं शीड वाकडं, तिचं पोलकं काय सरळ असणार? आईनं आणि मी त्या वर्षी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. दादा राखीला यायचा, ओवाळून घ्यायचा, हसायचा. त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही.

तेरवीला गेले. नाव गोठ्यापाशी आहे, म्हशी तिच्यात पाणी पितात, पत्रा अजून गळत नाही. वहिनी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाई, ते रोज सांजच्याले इथंच बसत. नातवाइले सांगत, तुमच्या रामराव मामाआज्यानं दोर ओढला न् आमाले बुडवलं. शीड तं आमच्या तायडीनं असं शिवलं होतं का पुरा जिल्हा पाहत राहीन." जवळची नातवंडं हसली. त्यांना गोष्ट तोंडपाठ होती. घरात सगळ्यांना ठाऊक, एका मला सोडून.

"मंग मले काहून नाही सांगतलं त्यानं?" मी विचारलं.

वहिनी साधेपणानं म्हणाली, "तुमाले काय सांगाचं? शीड सरळ होतं, हे तुमाले ठावूकच होतं ना."

ठाऊक होतंच. ज्या बायांना सांगायला हवं होतं, त्यांतली आता एकही उरलेली नाही.