चार दारांची गाडी

“वारंच खेळवायचं होतं तर दारं उघडी ठेवायची होती. टाकीचा कॉक उघडायला कुणी सांगितलं होतं तुमाला?”

विजयमालानं फिरत्या संडासाच्या चौथ्या खोलीच्या भांड्यात तिसरी बादली ओतली होती आणि तिसरीही खाली उतरली नव्हती. पाणी भांड्याच्या कडेला येऊन नुसतं थरथरत होतं. रायभान गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून पाइपात डोकावत होता. बायकोकडे न बघताच त्यानं सांगितलं, की गाडी पावसाळाभर उभीच होती, बंद टाकी कुबट मारते, म्हणून कॉक उघडा ठेवला. पाणी ठेवलं असतं तर डास झाले असते. आणि पाणी काय फुकट येतं का.

“दोन बादल्या,” विजयमाला म्हणाली. “माहेरी चुडाव्याला जाताना मी सांगून गेले होते. टाकी रिकामी केली की दोन बादल्या पाणी सोडा अन् कॉक लावा. कोरडी ठेवली की आतलं वाळून दगड होतंय.”

“आता सांगायलीस.”

“तवाच सांगितलं होतं.”

ओसरीवर कोंडाबाई लोकर पिंजत बसली होती. रायभानची आई भांडणात कधी माणसांशी बोलत नसे. जवळ जे कोकरू बांधलेलं असेल त्याला सांगे. “बघ बाबा,” ती कोकराला म्हणाली, “मेंढरं राखणाऱ्याच्या दारात हे काय येऊन बसलं. आपल्या जातीचं काम हाय का हे?”

“हगताना जात आडवी येत न्हाई आत्याबाई,” विजयमाला म्हणाली, “धुतानाच कशी येते?”

कोंडाबाईनं ऐकलं नाही असं दाखवलं. पिंजण मात्र जरा जोरात चालू झालं.

गाडी म्हणजे लोखंडी ट्रॉलीवर बसवलेल्या चार खोल्या. प्रत्येकीला दार, कडी, वर जाळी आणि आत भांडं. त्यातलं चौथं उंच, खुर्चीसारखं, म्हाताऱ्या माणसांसाठी. डोक्यावर पाण्याची टाकी, पोटात मैल्याची, आणि पुढं ट्रॅक्टरला अडकवायचा हूक. एका संस्थेनं ती बचत गटाला दिली, तेव्हा वालूरच्या बायांनी तिच्यापुढं उभं राहून फोटो काढले, हळद-कुंकू वाहिलं आणि मग चाव्या घ्यायला कुणी पुढं येईना. गटाच्या अध्यक्षीणबाई लक्ष्मीबाई एकेकीकडे बघत गेल्या आणि एकेक जण पदर सारखा करत गेली. शेवटी विजयमालानं हात पुढं केला. घरी येईपर्यंत तिनं नवऱ्याला सांगितलंही नव्हतं.

तिनं हात पुढं केला त्याला कारण होतं. लग्नानंतर पंधरा हंगाम ती रायभानच्या जोडीनं ऊसतोडीला गेली होती. फडात बाईमाणसाला आडोसा म्हणजे उभा ऊस, आणि तोच रोज तोडायचा. सूर्य उगवायच्या आधी गेलं तर गेलं, नाही तर दिवस मावळेपर्यंत पोट आवळून मोळ्या बांधायच्या. पाणी कमी प्यायचं, म्हणजे जायला कमी लागतं, हे तिला पहिल्याच हंगामात तिच्या जावेनं शिकवलं होतं. लघवीच्या जळजळीनं ती दोनदा फडातच आडवी झाली. बाकीच्या बायांना त्या गाडीत घाण दिसली. विजयमालाला आधी कडी दिसली. आतून लावायची कडी.

दोन वर्षांत तिचं नाव झालं. सेलू, वालूर, आसपासची गावं, कुणाचं लग्न असो, बारसं असो, सप्ता असो, तिला फोन येई. ती मांडवाच्या कडेला, वाऱ्याची दिशा बघून गाडी लावे. प्रत्येक दारापाशी भरलेली बादली ठेवे. चुलत्या, मावश्या, करवल्या यांना ती न लाजता सांगे की तांब्याभर नको, अर्धी बादली ओता. ॲसिड कधी वापरत नसे. त्यानं कॉकचं रबर चिरतं. साबणाचं पाणी, लांब दांड्याचा ब्रश, हातमोजे आणि रबराला महिन्यातून एकदा करडीच्या तेलाचं बोट. नवरीची आई जाताना तिच्या हातात लाडवांचा पुडा देई, आणि देताना आपली बोटं तिच्या बोटांना लागणार नाहीत एवढी काळजी घेई. विजयमालाला ते दिसे. ती पुडा घेई आणि म्हणे, पुढच्या लग्नाला आधी सांगा, तारखा भरायल्यात.

या तारखांमुळं दोन वर्षं कोयता घरातच आढ्याला खोचलेला होता. लग्नाचे दिवस आणि तोडीचे दिवस एकच. गाडी चालली तर घर, नाही तर फड. पण उन्हाळ्याच्या शेवटाला भावजयीच्या बाळंतपणासाठी ती माहेरी चुडाव्याला गेली आणि हंगामातलं शेवटचं लग्न रायभानवर आलं. तेव्हापासून गाडी उभी होती, आणि आज शुक्रवारी धुवायला काढली तर हे असं.

रविवारी सेलूच्या ओमप्रकाश आडत्याच्या घरचं लग्न होतं, तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलंच. उद्या संध्याकाळी ऊसतोडीची माणसं नेणारा पंडित मुकादम जोडीचा होकार घ्यायला येणार होता. रायभाननं त्याला नाही म्हटलं नव्हतं. गाडी तुंबलेलीच राहिली तर सोमवारी ट्रकमध्ये बसावं लागणार हे दोघांनाही कळत होतं. त्यांची पिंकी दहावीला होती. आईबाप तोडीला गेले की तिच्यावर मेंढरं, आजी आणि चूल. मग शाळा नावापुरती.

“गज घालून बघतो,” रायभान म्हणाला.

“टाकीला भोक पडंल.”

“मग ॲसिड.”

“रबर जाईल. मग बंद टाकी बी गळायला लागंल. आडत्याच्या मांडवात.”

तो उठला, धोतराला हात पुसले आणि चिडून म्हणाला की मग तूच सांग. तिनं सांगण्याऐवजी विचारलं. त्या शेवटच्या लग्नात माणसं किती होती आणि पाणी किती लागलं? ही गोष्ट रायभाननं त्या वेळी गावभर कौतुकानं सांगितली होती. टँकरचे दिवस, तीनशे पाहुणे, आणि त्यानं अर्ध्या ड्रमात अख्खं लग्न काढलं होतं. दारापाशी बादलीऐवजी एकेक तांब्या ठेवला होता. पारावरच्या माणसांनी त्याची पाठ थोपटली होती.

इथल्या माणसाला पाणी वाचवलं की देवाचं काही केल्यासारखं वाटतं. आंघोळीचं पाणी धुण्याला, धुण्याचं शेवग्याला, असं ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चाललं, त्यानं भरलेली बादली घाणीवर ओतायची म्हणजे हात मागं येणारच. रायभानचा हात मागं आला होता. विजयमालाला राग होता, पण माणूस कशानं चुकला हे कळलं की रागाला नीट उभं राहता येत नाही. पाण्याशिवाय घाण वाहत नाही, एका जागी ढीग करून बसते. वरून चार महिने कॉक उघडा. जे थोडं ओलं होतं तेही निथळून गेलं आणि ढीग तेवढा राहिला, चौथ्या खोलीच्या खाली.

“मंग झालं,” रायभान हळू आवाजात म्हणाला. “पंडितला सांगतो. आडत्याला फोन कर.”

विजयमाला पायरीवर बसली. फोन हातात होता, नंबर काढलेला होता.

ओसरीवर पिंजण थांबलं होतं.

“लेंडी वाळून लोकरीला धरली की काय करतेत?” कोंडाबाई म्हणाली. या वेळी कोकराला नाही.

रायभाननं मान वर केली.

“सांग की रे रायभान. कातरायच्या आधी मेंढरू कशाला पवायला घालतेत नदीत? हौस म्हणून? वाळली लेंडी ओढली तर कातडं निघतंय. भिजू द्यावी लागती. भिजली अन् मेंढरू पाय झाडायला लागलं की आपसुक सुटती.” तिनं हातातली लोकर खाली ठेवली. “तुझा बाप असता तर गज काढला नसता.”

रायभान म्हणाला की ही काय मेंढी आहे का, नदीत घालायला. पण विजयमाला उठली होती. कॉक लावायला ती गाडीखाली शिरली. रबर कोरडं पडलं होतं, पण चिरलं नव्हतं. तिनं तेल चोळलं, कॉकचं पातं दोन्ही हातांनी ढकलत नेलं आणि ते बसलं. मग पिंकीनं बोअरची मोटर चालू केली. बादलीनं नाही, आज नळीनंच. पहिल्या खोलीतून मैल्याच्या टाकीत पाणी सोडलं. रायभान नळीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याचा चेहरा आपलंच रक्त कुणी काढत असल्यासारखा होता, पण नळी त्यानं धरून ठेवली. वर दोन मुठी धुण्याची पावडर टाकली आणि सगळं तसंच ठेवलं. कोंडाबाईनं बजावलं की उद्यापर्यंत कुणी हात लावू नये. अर्धी भिजलेली लेंडी वाळलेलीपेक्षा वाईट.

शनिवारी सकाळी रायभाननं शेजारच्या बजरंगचा ट्रॅक्टर आणला. वस्तीवरून गावात जाणारी गाडीवाट म्हणजे दगड आणि चाकोऱ्या. बैलसुद्धा तिथं मान तिरकी करून चालतात. एरवी रायभान गाडी तिथून काढताना अंड्याची टोपली नेल्यासारखी काढी. आज विजयमालानं त्याला सांगितलं की खड्डा चुकवू नका. तो हसला, लग्नानंतर पहिल्यांदाच बायको असं काही सांगत होती. टाकीत पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत होतं, दारांच्या कड्या खणखणत होत्या. तीनदा गाडी गावापर्यंत गेली आणि तीनदा वस्तीवर आली. वाटेत धुरपताबाई शेळ्या घेऊन उभी होती, तिनं विचारलं की संडासाची वरात काढली काय. विजयमालानं ट्रॅक्टरवरूनच सांगितलं, हो, जेवायला या.

मग सेलूचा रस्ता. मैला सोडायला नेमून दिलेली जागा गावाबाहेर होती. तिथं पाइप जोडून तिनं कॉक ओढला. आधी तांबूस पाणी आलं. मग काहीच नाही. विजयमालानं चौथ्या खोलीत जाऊन बादली ओतली, मग दुसरी. ती भांड्यावर वाकून ऐकत होती. खाली कुठंतरी एक जड, ओला आवाज झाला, कड सुटून ढेकूळ विहिरीत पडावं तसा. भांड्यातलं पाणी एकदम गरकन फिरलं आणि गेलं. बाहेर पाइप उडी मारल्यासारखा हलला आणि रायभान दोन पावलं मागं सरकला.

स्वच्छ पाणी येईपर्यंत त्यांनी चारदा टाकी धुतली. विजयमाला ब्रश धुवून येते तोवर रायभान वर चढला होता. त्यानं कॉक लावला आहे का ते वाकून पाहिलं आणि खालच्या टाकीत पाणी सोडलं. एक बादली. मग किंचित थांबून दुसरी. ती ब्रश झटकत राहिली. बोलली असती तर त्यानं नक्की पाण्याचा भाव काढला असता.

दुपार कलताना ते वस्तीवर आले. कोंडाबाई ओसरीच्या काठाशी येऊन उभी होती. निघालं का, असं तिनं विचारलं. निघालं म्हटल्यावर मान हलवली आणि मेंढरू मेंढरूच असतं असं काहीतरी पुटपुटली. मग काठी टेकत गाडीपाशी गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. गुडघ्यांमुळं तिला शेतात बसताना बाभळीची फांदी धरावी लागे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. उंच भांड्याची खोली कोणती, असं तिनं पिंकीला विचारलं. पिंकीनं चौथं दार उघडून दिलं. आतून कडी लागली.

रायभान खाटेवर बसून चहा पीत होता. पंडितची मोटारसायकल अजून आलेली नव्हती. तो म्हणाला की दोन-चार लग्नांवर हंगाम निघेल असं काही नाही, गाडी पुन्हा बिघडू शकते, आणि मुकादमाला तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे पुढच्या वर्षीही तो विचारणार नाही. बोलत असताना तो विजयमालाकडे बघत होता, तिनं काहीतरी म्हणावं म्हणून.

विजयमालानं हातमोजे धुऊन दोरीवर घातले, चिमटे लावले आणि ओसरीवर आली. कोंडाबाईही तोवर बाहेर आली होती. पिंकी दप्तर घेऊन दारात बसली होती.

“यंदा कोयत्याला जायचं न्हाई,” विजयमाला म्हणाली. “यंदा बी न्हाई अन् पुढच्या वर्षी बी न्हाई. पंडितभाऊ आले की मी सांगते. उद्या सहाला गाडी सेलूला निघंल, ट्रॅक्टर तुमी चालवायचा.”