मॉन्ट्रियलला नेलेले लाडू

टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कमधलं माझं नोकरीचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. बेसमेंटमध्ये एकटी राहून जीव इतका विटला होता, की ग्रोसरीच्या काउंटरवरच्या बाईशी मी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत बसायचे. शेवटी एकदाचे बेसनाचे लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले आणि मॉन्ट्रियलची बस पकडली. तिथे माझी कॉलेजातली मैत्रीण होती. 'इकडेच ये राहायला, दोघी मिळून बघू काय ते,' एवढं तिने म्हणावं, बस्स!

मी नागपूरची, तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर राहणारी. ती पुण्याचीच. तिची आई मला डबे पाठवायची. पहिला डबा मी लख्ख घासून परत केला, तर काकू म्हणाल्या, "अगं वेडे, रिकामा डबा परत देतात का? चिमूटभर साखर तरी घालावी." मैत्रीण शेजारी उभी राहून खो खो हसत होती.

मॉन्ट्रियल तिने मला हौसेने दाखवलं, खोटं कशाला बोलू. मेट्रो, जुन्या बंदराचे दगडी रस्ते, मग शहराच्या मधोमधचा तो डोंगर. बेगल म्हणजे तो कड्यासारखा गोल पाव, तो विकणाऱ्याशी फ्रेंच, रस्त्यात भेटलेल्या ऑफिसातल्या मैत्रिणींशी तर संपता संपेना असं फ्रेंच! मी आपली शुंभासारखी बाजूला उभी. "तुम्हा टोरांटोवाल्यांना काय कळणार बेगल!" असं ती चिडवायची, मी हसायचे. आतून नुसतं रडू येत होतं.

डोंगरावर बाकावर टेकल्यावर मीच विषय काढला. "माझं काँट्रॅक्ट संपतंय गं. इकडे अप्लाय करू का?"

"फ्रेंचशिवाय इथे काही खरं नाही बाई," ती म्हणाली. मग घड्याळाकडे बघून, "चल, उतरूया. गार पडायला लागलंय."

तिच्या घरून माझी बॅग घेतली आणि ती मला बसपर्यंत सोडायला आली. पिशवी हातात देत म्हणाली, "हा तुझा डबा. लाडू मस्त होते हं!" मिठी मारली आणि गेली. बस हलली तशी मी हावरटासारखं झाकण उघडलं. डबा लख्ख घासलेला, कोरडा, साबणाचा वास येणारा. तळाशी बोट फिरवूनसुद्धा पाहिलं. कप्पाळ माझं! दाणाही नव्हता.

बेसमेंटमध्ये पोचल्यावर आधी दिवा लावला. मग मीच त्या डब्यात चमचाभर साखर घातली आणि झाकण लावून टाकलं.