नणंदेचे नियम, माझा कान

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा माझ्या तोंडात 'नाय' होतं. 'हाय' होतं, 'आमी' होतं. उरणच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात सगळे असंच बोलतात, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हेच मला माहीत नव्हतं. सासरचे लोकही आमच्यातलेच, पण दोन पिढ्या शहरात राहिलेले. घरात सासूबाई, आमचे हे, मी आणि माझ्याहून थोडी लहान नणंद. हे न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात शिफ्टवर जायचे. नणंद बी.कॉम. होऊन बँकेच्या परीक्षांची तयारी करत होती, आणि घरातली अभ्यासू मुलगी म्हणून तिचा चांगलाच दरारा होता.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "वहिनी, नाय नाही, नाही."

"काय नाही?"

"अगं, नाय नाही. नाही!"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग इतक्या हसलो की सासूबाई काय झालं म्हणून आतून बाहेर आल्या. तिच्या मनात खोट नव्हती. पण त्या दिवसापासून मला एक सवय लागली. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायचं. कुठे 'ह' गळतोय का, कुठे 'मना' आलं का 'मला'च्या जागी, ते तपासायचं आणि मगच तोंड उघडायचं. फोनवर आई म्हणायची, "बाय, बरी हायस ना? आवाज का असा शाळेतल्यासारखा?" मी हसून विषय बदलायचे. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

एका दुपारी मी ओट्यापाशी बोंबील साफ करत होते. नणंद उंबऱ्यात बसून मोठ्याने वाक्यं वाचत होती. तिचं इंग्रजी दोनदा कच्चं पडलं होतं. बाकीच्या विषयांत ती सहज पुढे जायची, पण त्या परीक्षेत प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागे आणि इंग्रजीत ती काठावर अडकायची. एका वाक्याचे चार तुकडे देतात आणि चूक कुठल्या तुकड्यात आहे ते ओळखायचं, असा तो प्रश्न. ती वाचत होती, "ईच ऑफ द बॉइज हॅव फिनिश्ड..."

"हॅज," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. "काय म्हणालीस?"

"हॅव नाही. हॅज असेल."

तिने मागचं पान उलटून उत्तर बघितलं. "बरोबर आहे! का पण?"

"ते नाही माहीत. कानाला खुपलं."

तिने लगेच दुसरं वाक्य वाचलं. मग तिसरं. "वन ऑफ माय फ्रेंड", मी म्हटलं, फ्रेंड्स. "ही इज सीनियर दॅन मी", मी म्हटलं, दॅन बरं वाटत नाही, टू असेल. बोंबील तसेच राहिले. ती उंबऱ्यावरून उठून आत आली, माझ्या शेजारी पाटावर बसली आणि वासाला नाक मुरडायचंही विसरली. दहातली बरीचशी उत्तरं माझी बरोबर आली होती, आणि एकाचंही कारण मला सांगता येत नव्हतं.

कारण काय असावं, ते आम्ही नंतर शोधून काढलं. आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचे सर धडे मोठ्याने म्हणून घ्यायचे. सगळा वर्ग एका सुरात. अर्थ अर्धामुर्धा कळायचा, पण वाक्याची चाल डोक्यात जाऊन बसली. आणि दुसरं म्हणजे ते वर्ष. वर्षभर मी स्वतःच्याच तोंडातल्या चुका पकडत होते. चूक कुठे आहे हे ऐकत राहण्याची माझी तयारी झाली होती, भाषा कुठलीही असो.

नणंदेला मात्र सगळे नियम पाठ होते. 'ईच' आलं की क्रियापद एकवचनी, 'वन ऑफ' आलं की पुढचं नाम अनेकवचनी. पण घड्याळ लावून प्रश्न सोडवायला बसली की ती एवढे नियम आठवायची की वाक्य बाजूलाच राहायचं. ती म्हणाली, "माझ्याकडे नियम आहेत, तुझ्याकडे कान आहे. चल, धंदा करू या."

मग जी मजा सुरू झाली! सकाळचं काम मी इतक्या झपाट्याने उरकायला लागले की सासूबाईंना शंका आली. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी पुढच्या खोलीत. ती वाक्य वाचायची, मी चूक सांगायचे, मग ती नियम सांगायची आणि मी तो नियम घोकायचे. माझ्या कानालाही फसवणारी वाक्यं असायची. 'नो सूनर'नंतर मला 'व्हेन' अगदी गोड लागायचं. तिथे 'दॅन'च येतं हे पटवायला तिला माझ्याशी भांडावं लागलं. आम्ही इतक्या जोरात भांडलो की शेजारच्या भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. नणंद-भावजयीत अखेर वाजलं, असं त्यांना वाटलं असावं. 'दॅन'साठी भांडतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "या अल्ला, इतकंच होय!" आणि निराश होऊन परत गेल्या.

उलटसुलट दिलेली वाक्यं नीट क्रमाने लावायची, हा प्रश्न तिला सगळ्यात नकोसा. आम्ही ती वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून जमिनीवर मांडायचो. एकदा दुपारची लाइट गेली होती. घामाघूम होऊन आम्ही दोन उताऱ्यांच्या पट्ट्या मांडल्या, आणि ती म्हणाली, "जमलं वहिनी, हे पहिलं, हे दुसरं..." तेवढ्यात लाइट आली. पंख्याचं बटण फुल्लवरच राहिलेलं. पट्ट्या साऱ्या घरभर! एक सासूबाईंच्या केसात, एक थेट वाळत घातलेल्या सुकटीच्या सुपात. सासूबाईंनी केसातली पट्टी काढली, उलटसुलट करून बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "हे इंग्लिश आता माझ्या डोक्यावरून जायला लागलं."

पट्ट्या गोळा करताना मला एक सुचलं. मी तिला म्हटलं, "हे बघ, आमच्याकडे बायका बंदरावर मासळीची वाट बघत बसतात ना, तेव्हा गप्पा चालतात. तिथे कुणी एकदम 'ती परत आली' म्हटलं, की सगळ्या विचारणार, 'ती कोण गं?' आधी कोण ते सांगावं लागतं, मग ती. आता या पट्टीवर 'शी' आहे. ही पहिली कशी असेल? कोण ती?"

नणंदेने पट्टी हातात घेतली. मग ती खाली ठेवून दुसरी उचलली, ज्यात 'अॅन ओल्ड विडो' होती. "ही आधी."

"आणि हिच्यात 'द व्हिलेज' आहे. आधी 'अ व्हिलेज' कुठे आलंय बघ."

ती गुडघ्यांवर बसून पट्ट्या सरकवत गेली, आणि उतारा एकदम सरळ होऊन समोर आला. तिने टाळी वाजवली. पुढे कितीतरी दिवस असा प्रश्न आला की आम्ही दोघी एकदम ओरडायचो, "ती कोण गं?"

मग तिने नवा कायदा काढला. दुपारच्या चहापर्यंत मराठी बंद. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "भात लावला का?"

नणंद ताठ उभी राहिली. "द राइस इज बीइंग कुक्ड बाय वहिनी."

"अगं, लावला की नाही?"

"इट इज बीइंग कुक्ड, आई."

"हो की नाही ते सांग गं माझे बाई!"

मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते. खरं म्हणजे भात लावायचाच राहिला होता. तो कायदा टिकला, पण सासूबाईंना त्यातून सूट मिळाली.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा नणंद म्हणाली, "तूही भर." मी म्हटलं, मी कशाला, मी तर तुझ्या सोबतीला बसते. पण म्हणता म्हणता जाहिरातीतली वयाची अट मी वाचून काढली होती, म्हणजे मनात कुठेतरी होतंच. मी बी.ए. होते, वय बसत होतं. संध्याकाळी यांना विचारलं. ते बूट काढत होते. "भर की," म्हणाले, जसं काही मी भाजीत मीठ घालू का असं विचारलं होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी सोलून त्यांनी वाटीत टाकली. मग म्हणाल्या, "परीक्षेचं वय निघून जातं. जा. भात मी लावीन, मग तरी तो वेळेवर होईल."

एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत आम्ही दोघींनी फॉर्म भरले. माझी सगळी सर्टिफिकेटं माहेरच्या नावाची, म्हणून फॉर्मही त्याच नावाने गेला. हॉलतिकीट आलं तेव्हा त्यावर माझं जुनं नाव छापलेलं. मी ते कितीदा तरी वाचलं. लग्नानंतर त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. यांनी हॉलतिकीट हातात घेऊन विचारलं, "या बाई कोण? आपल्याकडे राहतात का?"

परीक्षा खारघरच्या एका कॉलेजात होती. तेव्हा नुकत्याच या परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या होत्या. आम्हा दोघींची वेळ एकच, खोल्या वेगळ्या. जिन्यात तिने माझा हात घट्ट धरला. मग मी खुर्चीवर बसले, माऊस धरला आणि सगळ्यात आधी इंग्रजी उघडलं.

ते सुख मी कसं सांगू? पहिलं वाक्य वाचलं आणि चूक आपण होऊन समोर आली. दुसरं, तिसरं, तसंच. कान सांगायचा, मग नणंदेचा नियम मागून येऊन होकार द्यायचा. उलटसुलट वाक्यांचा उतारा आला तेव्हा मी तोंडातल्या तोंडात 'ती कोण गं' म्हटलं आणि शेजारच्या मुलाने चमकून बघितलं. मोठा उतारा तर मी दोनदा वाचला. एकदा प्रश्नांसाठी, आणि एकदा नुसता आवडला म्हणून. त्या पेपरला विषयवार वेळ ठरलेला नव्हता, सगळ्या विषयांना मिळून एकच वेळ होता. मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं तेव्हा वेळ संपत आला होता आणि गणित पूर्ण बाकी होतं.

बाहेर आले तेव्हा नणंद फाटकापाशी उड्या मारत होती. "वहिनी, सगळी वाक्यं लागली! सगळी! तुझं?"

"इंग्रजी फार सुंदर होतं," मी म्हटलं. "गणिताला मात्र मी नुसती भेटून आले."

निकाल तसाच लागला. इंग्रजीत माझे मार्क तिच्याहून वर, आणि गणितात मी सपशेल आडवी. ती सगळ्यात पास. कॅफेतल्या स्क्रीनवर आधी तिचा निकाल उघडला आणि ती किंचाळली. मीही किंचाळले. मग माझा उघडला, आणि तिने माझा दंड धरला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण इंग्रजीचा तो आकडा मी दोनदा बघितला आणि मला चक्क हसू आलं. तिला ढकलून म्हटलं, "चल, आईंना सांगायचंय." बाजारातून आम्ही जवळजवळ पळतच निघालो. वाटेत तिची चप्पल तुटली, तर ती हातात घेऊन.

मग तिच्या मुलाखतीची तयारी. टेबलाच्या एका बाजूला मी आणि सासूबाई, समोर ती. तिने सुरुवात केली, "मायसेल्फ..."

"मायसेल्फ नाही. आय अॅम."

"आय अॅम..." ती पुढे बरं बोलली. मग सासूबाईंनी घसा साफ केला. "लग्न कधी करणार?"

"आई! असं विचारतात का मुलाखतीत?"

"विचारतील. मग काय सांगशील? सांग बघू इंग्लिशमध्ये."

नणंद लाल झाली, चाचरली, आणि शेवटी म्हणाली, "इट विल बी डिसायडेड, सर." कर्ता कुठेच नाही! सासूबाईंना मी अर्थ सांगितला, तर त्या म्हणाल्या, "सर कोण? आणि ठरवणार कोण ते नाही सांगितलंन हिने."

ती लागली. अलिबागकडच्या एका शाखेत. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला गणिताची तिची सगळी पुस्तकं दिली आणि म्हणाली, "रोज फोन करून विचारणार आहे, काय सोडवलंस." आणि खरंच विचारायची. शेकडेवारी तिने मला फोनवर शिकवली. मी पुढच्या खेपेला गणितातूनही निघाले आणि पेणच्या बँकेत लागले. पण माझ्या निकालाच्या दिवसापेक्षा मला तिचा कामावरचा पहिला आठवडा जास्त आठवतो.

दुपार होती. मी एकटीच गणित घेऊन बसले होते. फोन वाजला. ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती, बहुतेक बँकेच्या जिन्यात उभी राहून.

"वहिनी, पटकन सांग. साहेबांनी हेड ऑफिसला पत्र लिहायला सांगितलंय. डिस्कसनंतर अबाऊट येतं का? वुई डिस्कस्ड अबाऊट द मॅटर?"

मी डोळे मिटून वाक्य एकदा मनात म्हटलं.

"नाही येत. वुई डिस्कस्ड द मॅटर. अबाऊट काढ."

"नक्की? नियम काय आहे त्याचा?"

"नियम तुझ्याकडे असतात," मी म्हटलं. "मला खुपलं, एवढंच."

पलीकडून ती खुदकन हसली आणि म्हणाली, "काढलं. साहेब बोलावतायत, ठेवते," आणि फोन बंद झाला.