खाऱ्या पाण्यातला सदरा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मला लोणारच्या शाळेत मास्तर होऊन सहा महिने झाले होते. त्याच सुमारास माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलीचे वडील मूळचे आमच्या सोनाळ्याकडचे, पण नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेले. एक दिवस मुलीच्या मामांचं पत्र आलं, लोणारची प्राचीन मंदिरं पाहायला येतो म्हणून. माझे घरमालक कापड रंगवायचं काम करत. सगळे त्यांना चाचा म्हणत. पत्र ऐकून ते म्हणाले, "मास्तर, मंदिराचं निमित्त हाय. ते तुमाले पाहाले येऊन राह्यले."

मामा सकाळच्या एसटीनं उतरले. पांढरंशुभ्र धोतर, तसाच सदरा, काळी टोपी, काखेत वही. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "प्रवासात तकलीफ तर नाही झाली?"

"त्रास," मामा म्हणाले.

"अरेरे! फार झाला का?"

"झाला नाही हो. तकलीफ नव्हे, त्रास. शब्द त्रास असा आहे."

त्यानंतर मी शक्यतो मान हलवूनच बोललो.

दैत्यसूदनाच्या देवळात छतावरची शिल्पं बघून बघून मामांची मान अवघडली. मग ते सरळ फरशीवर उताणे झाले आणि पडल्या पडल्या वहीत चित्र काढू लागले. तेवढ्यात एक म्हातारी दर्शनाला आली. आतल्या अंधारात तिला आधी मामांचे पायच दिसले.

"अवो माय! म्हताऱ्याले भोवळ आली!" असं ओरडत तिनं तांब्यातलं पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं.

मामा वही पोटाशी धरून उठले. "बाई, मी छत पाहतोय!"

"मंग उभं राहून पाह्य ना बाप्पा! देवळात असं लोळते काय कोनी?"

मी खांबाआड जाऊन हसून घेतलं.

विवराच्या काठावर बारमाही झऱ्याची धार पडते, तिथे हातपाय धुऊन आम्ही खाऱ्या तळ्याकडे विवरात उतरलो. वाटेत प्रत्येक पडक्या देवळापाशी मामा थांबत आणि मला त्याची माहिती देत. तळाशी कमळजादेवीचं दर्शन घेतलं आणि झाडाखाली डबा उघडला. भाकरी चाचींनी दिली होती, पिठलं मात्र मी स्वतः केलं होतं. त्यात हळद अंमळ जास्तच पडली होती. मामा एका खांबाचं वर्णन करत असताना त्यांच्या हातातली भाकरी कलंडली आणि पिठलं सदऱ्यावर सांडलं.

"हरकत नाही," म्हणत ते तळ्याकाठी गेले आणि ओंजळीनं पाणी घेऊन छाती खसाखसा चोळू लागले. दुसऱ्याच क्षणी त्यांची किंकाळी ऐकू आली. पिवळा डाग लालभडक झाला होता आणि चोळावा तसा पसरत होता.

"रक्त!" मामा मटकन खाली बसले. मीही घाबरलो. सदरा वर करून पाहिलं तर साधा ओरखडाही नव्हता. पण मामांच्या पायांतलं बळ गेलं ते गेलंच. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर घेऊन मी चढण चढू लागलो.

वाटेत एक शेतकरी भेटला. मामांची छाती पाहून तो हबकलाच. "काय झालं हो?"

मामांना धाप लागली होती. माझ्याकडे बोट दाखवून ते एवढंच म्हणाले, "यांच्या पिठल्यानं..."

"मास्तरनं पिटलं?"

"अहो, पिठलं! पिठलं!" मी ओरडलो.

"कबूलबी करून राह्यला!" म्हणत तो धावत वर गेला.

आम्ही धारेवर पोचलो तेव्हा तिथे पंधरा-वीस माणसं जमली होती. "मास्तर, म्हताऱ्या मानसाले काऊन मारलं?" एकानं दरडावून विचारलं. लग्न तर गेलंच, आता नोकरीही जाते असं वाटलं.

सुदैवानं चाचा तिथेच रंगवलेलं कापड धूत होते. त्यांनी गर्दीतून वाट काढली, सदऱ्याचा वास घेतला आणि खो खो हसत सुटले. "हळद हाय लेकहो! तळ्याचं सोड्यावानी खारं पानी लागलं का हळद लाल होते." रंगकामासाठी त्यांच्याकडे लिंबं असतच. त्यांनी एक कापून डागावर पिळलं. लाल होतं ते सगळ्यांदेखत पिवळं झालं. लोक हसत पांगले. मामांनी मात्र चाचांना बसवून घेतलं आणि सगळी कृती वहीत लिहून घेतली.

संध्याकाळच्या एसटीत चढताना ते मला म्हणाले, "लोकांनी घेरलं होतं, तरी तुम्ही माझा हात सोडला नाहीत. हे मी घरी सांगेन."

पंधरा दिवसांत होकाराचं पत्र आलं. लग्न पुण्याला, आणि वऱ्हाड मोजकंच आणावं, अशी एक ओळ खाली होती. मी ते पत्र सोनाळ्याला आईला वाचून दाखवलं. लग्नाच्या दिवशी पुण्यात आमची अख्खी आळी उतरली. मी आईकडे पाहिलं.

"मोजकीच हायेत," आई म्हणाली. "म्या सोता मोजली."